अडलेली मिरवणूक

३० जून २०२४, रविवार. टोरांटो

उभं राहून राहून पोटऱ्या भरून आल्यात. प्राइडची, म्हणजे आम्हा समलिंगींच्या अभिमानाची मिरवणूक आज यंग स्ट्रीटवर अडली आणि अखेर उरलेली रद्दच झाली. पॅलेस्टाइनच्या बाजूचे थोडेसेच लोक, पण रस्त्यात ठाण मांडून होते. गाझातल्या युद्धाशी ज्यांच्या पैशाचे लागेबांधे आहेत, अशा कंपन्यांचं प्रायोजकत्व प्राइडने सोडावं, ही त्यांची मागणी. अडवणारे आमचे, अडलेलेही आमचेच.

"आजचा दिवस तरी आपला राहू द्या रे," असं माझ्या मागून एक जण ओरडला. त्याचा राग मला समजतो. वर्षभर ऑफिसात तोंड मिटून बसणाऱ्याला हाच एक दिवस मिळतो. पण युद्ध हा आपला विषय नाही, हे मला पटत नाही. १९६९ साली स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवरच्या पोलीस धाडीविरुद्ध उठाव झाला, त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या गे लिबरेशन फ्रंटने आपलं नावच व्हिएतनाममध्ये अमेरिकेशी लढणाऱ्या आघाडीवरून घेतलं होतं. त्याच डिसेंबरात त्यातले काही जण बाहेर पडले. ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या क्रांतिकारी संघटनेला पाठिंबा, क्रांती, हे सगळं नको, फक्त समलिंगींच्या हक्कांचं बघू, म्हणून त्यांनी गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स काढली. म्हणजे हे भांडण चळवळीच्या बारशापासूनचं. पुढे जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं, तेव्हा एड्सविरुद्ध लढणाऱ्या ॲक्ट अप या संघटनेचे कार्यकर्ते सीबीएस या अमेरिकन वाहिनीच्या संध्याकाळच्या थेट बातम्यांत घुसले, 'एड्सशी लढा, अरबांशी नको' असं ओरडत. त्यांचे मित्र एकामागून एक जात होते. औषधाला पैसा नव्हता, बॉम्बला होता. त्यांना ते युद्ध लांबचं वाटलंच नाही.

'गाझात तुम्हाला जिवंत ठेवतील का?' हा प्रश्न आज तीनदा ऐकला. तिथे समलिंगी माणसाचं जगणं अवघड आहे, खरंच आहे. पण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा तिथला कायदा १९३६ चा, ब्रिटिशांनी केलेला. आपलं तसंच कलम ३७७ सुद्धा त्यांचंच, १८६० चं. मी पुणं सोडलं तेव्हा ते कलम लागू होतं, २००९ ते २०१३ ही मधली वर्षं सोडली, तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत माझं प्रेम गुन्हाच होता. त्या काळात कुणी पुण्यावर बॉम्ब टाकून वर म्हणालं असतं, तुमच्याकडे कायदाच तसा आहे, तर? माझी आई त्याच पुण्यात राहते. मी तिथे मन मारून जगलो, तरी ते माझंच गाव आहे.

इतकं ठाम वाटत असूनही आज माझ्याकडून चूक झाली, ती लिहून ठेवतो. माझी मैत्रीण शेजारी होती. ती इस्रायलमधल्या हैफाची. बारा वर्षं आम्ही या मिरवणुकीत बरोबर चालतोय. गेल्या वर्षी ७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यात तिच्या नात्यातलं एक घर संपलं, आणि तरीही गाझातलं युद्ध थांबावं म्हणून ती इथल्या थंडीत फलक घेऊन उभी राहिलीय. आज गर्दीतल्या एका मुलीने तिच्या गळ्यातला डेव्हिडचा तारा, ज्यूंचं चिन्ह, पाहिला आणि विचारलं, "तू कुणाकडून?" तिने उत्तर दिलं नाही. लॉकेट शर्टाच्या आत टाकलं. त्या मुलीच्या घोषणा मला पटत होत्या, म्हणून मी गप्प राहिलो. आपली बाजू न्यायाची असली की शेजारच्या माणसाकडे बघायचं राहून जातं, असं माझं झालं.

रात्री आईला फोन केला. तिच्याकडे सोमवारची सकाळ. पालख्या कालच पुण्यात आल्यात, ती दर्शनाला निघायच्या गडबडीत होती. प्राइडला ती 'तुमची वारी' म्हणते.

"झाली का वारी?"

"अर्ध्यातच थांबली गं. काही जण रस्त्यात बसले होते."

"कोण?"

"आमचीच माणसं."

"उन्हात बसले होते? मग पाणी दिलं की नाही कुणी?"

मला सांगता येईना. मी कुणालाच पाणी दिलं नव्हतं, ना बसलेल्यांना, ना माझ्या मैत्रिणीला.

साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज आला: पुढच्या वर्षी मी येणार नाही, तू जा. तीनदा उत्तर टाइप केलं, तीनदा पुसलं. उद्या सुट्टी आहे, सकाळीच तिच्या घरी जातो.