बागेची चावी कोणाकडे?

आमच्या घरामागे एक सार्वजनिक बाग आहे. बाग म्हणजे काय, एक बाव (विहीर), चार बाकडी, दोन झोपाळे, एक घसरगुंडी आणि कधीतरी हौसेने बसवलेली ओपन जिम. गावाचं नाव लिहीत नाही, सिंधुदुर्गातलं समुद्राकाठचं गाव एवढं पुरे, कारण पुढे थोडं रडगाणं आहे आणि मला इथेच झेरॉक्सचं दुकान चालवायचंय.

तर ही बाग बरीच वर्षं कुलूपबंद होती. उद्घाटन झालं, नारळ फुटला, दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने जिमचे पाईप गंजले, मग कोणीतरी कुलूप लावलं आणि संपलं. चावी कोणाकडे विचारलं की हा टेबल त्या टेबलाकडे बोट दाखवणार. मी स्वतः दोनदा विचारून आलो आणि नंतर आपण काय करणार म्हणून सोडून दिलं, खोटं कशाला सांगू.

बाग उघडली ती तौक्ते चक्रीवादळाने. 16 मे 2021, रविवार होता, लॉकडाऊनही चालू होता. दिवसभर वारा असा की माड अक्षरशः झाडूसारखे हलत होते, आणि दुपारी कधीतरी बागेतला मोठा गुलमोहर कंपाउंडच्या भिंतीवर आडवा झाला. गुलमोहर दिसायला छान पण मुळं वरवरची, त्यात खाली आमच्याकडचा कातळ, तो कसा टिकणार. शेजारचा करंज मात्र जागचा हलला नाही. पुढे कित्येक दिवस लाईट नव्हती, झाड उचलायला कोणी येणार नव्हतं हे माहीतच होतं, त्यामुळे आधी आल्या त्या फाटी न्यायला बायका, कोयते घेऊन. त्यांच्या मागून पोरं. चार दिवसांत झाड गायब, भिंतीला आठ फुटांचं भगदाड, आणि पोरं आत झोपाळ्यावर.

माझं लक्ष गेलं ते झोपाळ्याच्या कडीकडे. वरच्या आडव्या पाईपला जी कडी असते ती घासून घासून अर्धी झाली होती, उरलेली करंगळीपेक्षा बारीक, आणि त्यावर तीन पोरं एकदम. बघून पोटात गोळाच आला. आमच्या शेजारी एक ट्रॉलरवाले दादा राहतात, त्यांना हाक मारली. ते आले, वर बघितलं, काही बोलले नाहीत, घरी जाऊन बोटीवरच्या दोन स्टीलच्या शॅकल (दोर अडकवायच्या जाड कड्या) आणि जाडा नायलॉनचा दोर घेऊन आले. तासाभरात काम झालं. तो झोपाळा अजून त्याच शॅकलवर आहे, जिमवाल्या कंपनीचं एक मशीन धड राहिलेलं नाही.

तिथून सुरुवात झाली म्हणायची. समिती वगैरे काही नव्हती, व्हॉट्सॲप ग्रुप सुद्धा नंतर झाला (आणि त्यावर पाणी कमी, गुड मॉर्निंग जास्त). कोणी गंज खरवडून रेड ऑक्साईड मारला, कोणी बाव उपसली, त्यातून चपला किती निघाल्या विचारू नका. 15 ऑगस्टला झाडं लावली, तेव्हा तर गर्दीच गर्दी, एका रोपाला सहा जण हात लावून फोटोत उभे. बाजारात मासे विकणाऱ्या एक मावशी आहेत, पहाटे बंदरावर जाताना बागेवरूनच जातात, त्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "झाडां लावूक सगळे येतत, पानी घालूक कोण येणा नाय."

आणि तसंच झालं. कोकणाबाहेरच्या लोकांना वाटतं इथे काय, पाऊसच पाऊस. पडतो ना, 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण सगळा जून ते सप्टेंबर. जांभ्यातून पाणी निथळून जातं आणि फेब्रुवारीपासून झाडाच्या बुडाशी हात लावला की माती नुसती भुगा. ज्या रोपांचे ऑगस्टमध्ये फोटो काढले त्यातली निम्मी मार्चमध्ये काड्या झाली. एक ओवळ (बकुळ) माझ्यामुळे गेलं. पाणी घालायचे वार वाटून घेतले होते, माझा वार गुरुवार होता, लग्नसराईत पत्रिकांची कामं होती, दोन गुरुवार चुकले. मावशींनी दुकानासमोर थांबून सगळ्यांदेखत विचारलं, "मेल्या, तुझो वार काल होतो, खंय होतंस?" काय उत्तर देणार.

दुसऱ्या वर्षी लावलीच मोजकी. पहारीने कातळात दोन-दोन फुटांचे खड्डे, खाली सोडणं (नारळाची सालं) अंथरली म्हणजे ओल धरून राहते, वर माती-शेण. कोणीतरी माडाला घालतात तसं माशाचं कूट घालूया म्हणालं, घातलं, आणि त्याच रात्री गावातल्या समस्त कुत्र्यांनी सगळे खड्डे उकरून ठेवले. आता कूट बंद. गुरांसाठी मात्र बोटीवरची जुनी जाळी गुंडाळली ती कामी आली. झाडं सगळी इथलीच घेतली, उंडी, करंज, ओवळ, दोन सुरंगी. सुरंगीला फुलं यायला किती वर्षं जातील देव जाणे, पण फेब्रुवारी-मार्चात बाजारात गजरा आला की सगळ्यांना आपापल्या घरची सुरंगी आठवते, त्यामुळे त्या दोन रोपांना पाणी मात्र कधी चुकत नाही, आपोआप लाड होतात.

भांडणं? भरपूर. सगळ्यात मोठं पातेऱ्यावरून, म्हणजे वाळल्या पाल्यावरून. आमच्याकडे अंगण झाडलं की पातेरा गोळा करून काडी लावायची ही सवयच. आम्ही म्हटलं जाळू नका, झाडांच्या बुडाशी टाका, माती थंड राहते, खतही होतं. तर एक आज्जी म्हणाल्या पातेऱ्यात फुरसं (विषारी साप) बसलं आणि पोराचा पाय पडला तर तू येणार का दवाखान्यात? हे काही उगाच नव्हतं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दगड उचलला की फुरसं दिसतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. शेवटी पातेरा फक्त मागच्या बाजूच्या झाडांना, झोपाळ्याकडची जागा रोज लखलखीत झाडायची, असं ठरलं. आज्जी रोज येऊन बघून जातात.

दुसरं पेव्हर ब्लॉकवरून. निधी आला की आधी पेव्हर येतात हे काय नवीन नाही. मी ठार विरोधात होतो, पण पावसाळ्यात पायवाटेला जे शेवाळ धरतं त्यावरून एक काका घसरले आणि मनगट मोडलं, तेव्हा माझा आवाज जरा खाली आला. म्हटलं ठीक आहे, चालायच्या ट्रॅकपुरते घाला, पण झाडाचा बुंधा आवळू नका. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने 2013 सालीच सांगितलंय की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी पाहिजे, त्या आदेशाची प्रिंट मीच काढून दिली, फुकट. ठेकेदाराने प्रिंट घडी करून खिशात घातली. दोन झाडांना सोडली जागा, तिसऱ्याला आम्हीच जाऊन ब्लॉक उपटले. आणि शेवाळ पेव्हरवर पण धरतंच, जुलैत ब्लीचिंग पावडर टाकून खराटा मारावाच लागतो.

एक आकेशिया झोपाळ्याच्या दिशेने कलला होता, तो काढायला तर अर्ज, पाहणी, परत अर्ज. शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, 1975 चा कायदा आहे, आणि तो असलेला बराच आहे, फक्त पाहणी पावसाच्या आधी झाली असती तर बरं झालं असतं एवढंच म्हणणं.

आमची बाग बघायला या असं म्हणण्यासारखं काही नाही तिथे. तसं बघायचं तर वेंगुर्ल्याला जा, तिथे पालिकेने कचरा वेगळा करून करून डेपोच्याच जागेचं फिरायचं ठिकाण केलंय. आमच्याकडे संध्याकाळी पाच-सहा आज्ज्या, क्रिकेटवरून ओरडणारी पोरं आणि अभ्यासाच्या नावाखाली मोबाईल बघणारी कॉलेजची मंडळी एवढंच.

परवा मात्र भिंत बांधायला माणसं आली. एवढ्या वर्षांनी. भगदाड बुजलं, नवीन गेट आलं, आणि गेटबरोबर नवीन कुलूप. मावशी टोपली डोक्यावर घेऊन तिथेच थांबल्या, "गेट लावा, पन कुलूप कित्याक?" मुकादम म्हणाला, कुलूप एस्टिमेटमध्ये आहे.

त्याला चहा पाजला आणि चावी तासाभरासाठी मागून घेतली. आता पाच चाव्या आहेत. एक दादांकडे, एक आज्जींकडे, एक चहाच्या टपरीत खिळ्याला, एक माझ्या दुकानात. पाचवी मावशींच्या कनवटीला, पहाटे बंदरावर जाताना त्याच उघडतात.