दोन थेंब ऑइल

"ब्रेक पॅडवर दोन थेंब ऑइल सोडा, आवाज लगेच बंद होईल." सकाळी पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला म्हणाला आणि माझ्या अंगावर काटाच आला.

माझ्या गाडीला नवे पॅड टाकून चारच दिवस झालेत. ब्रेक दाबला की पुढचं चाक अशी किंकाळी फोडायचं की फुटपाथवरची माणसं वळून बघायची.

संध्याकाळी गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, खोलला आणि तो ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन बोटांनी ओढून बघितली. हलेना. पिनवरचं रबरी आवरण सरकवलं तर आत वाळून तपकिरी झालेलं ग्रीस आणि पावसाळ्यातला चिखल.

"पॅड सगळे बदलतात, पिन कोणी बघत नाही," काका म्हणाले. पिन अडकली की पॅड डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, नीट बसत नाही, थरथरतो. ती थरथरच आपल्याला ऐकू येते.

पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, पॅडच्या कडा पॉलिश पेपरने जरा घासल्या, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 वरून 10 पर्यंत, दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक. आवाज गेला.

तो सल्ला मात्र डोक्यातून जात नाहीये. पॅडला तेल लागलं की आवाज जाईलही, पण ब्रेकची पकडही जाते. तो माणूस अगदी मनापासून सांगत होता. मागे शाळेच्या गणवेशात त्याची मुलगी बसली होती, त्याच्या शर्टाला घट्ट धरून.

सिग्नल सुटला, मी काही बोललोच नाही. त्याने स्वतःच्या गाडीला तेच केलं असेल का?