पदवीविना शिकलेल्या प्रोग्रामरचे नेमके काय राहून जाते

मी संगणकशास्त्र वर्गात बसून कधी शिकले नाही. माझी पदवी रसायनशास्त्राची आहे. प्रोग्रामिंग शिकले ते नोकरी सांभाळून, रात्री जागून, इतरांचा कोड वाचत आणि स्वतःचा पुन्हा पुन्हा लिहीत. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या कामाला पदवी लागतेच का, असे कोणी विचारले की मी ताबडतोब ‘नाही’ म्हणत असे. आजही मी तेच सांगते, पण त्यापुढे थोडे आणखी सांगावे लागते.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे दोन याद्या ताडून पाहण्याचे काम आले होते. पहिल्या यादीतील प्रत्येक ग्राहक दुसऱ्या यादीत शोधायचा आणि जो सापडणार नाही त्याची नोंद वेगळी काढायची, इतकेच ते काम. मी लूपच्या आत लूप लिहून मोकळी झाले, म्हणजे पहिल्या यादीतील प्रत्येक नावासाठी दुसरी यादी पहिल्यापासून चाळायची. चाचणीच्या १००० नोंदींवर प्रोग्राम सेकंदभरात संपला. प्रत्यक्षात दोन्ही याद्यांत लाख-लाख नोंदी आल्या, तेव्हा तो दोन तास उलटले तरी चालूच होता. मी मशीन बदलून मागितले, नोंदींचे तुकडे पाडले, मजकूर साफ करण्याचा भाग सुधारला. फरक पडला, पण नाममात्र. शेवटी शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने पडद्यावर नजर टाकून विचारले, “दर वेळी यादी पहिल्यापासून का शोधतेस? एकदाच डिक्शनरीत भरून ठेव ना.” डिक्शनरी म्हणजे नाव दिले की त्याची नोंद थेट काढून देणारी रचना. चार ओळी बदलल्या आणि तेच काम काही सेकंदांत झाले.

डिक्शनरी मी रोज वापरत होते, पण तिच्या पोटात हॅश टेबल (नावावरूनच नोंदीची जागा काढणारा तक्ता) असते आणि म्हणून यादी कितीही वाढली तरी एक नोंद शोधायला सरासरी जवळपास तेवढाच वेळ लागतो, हे मला माहीत नव्हते. १००० गुणिले १००० म्हणजे १० लाख तुलना आणि लाख गुणिले लाख म्हणजे १००० कोटी, हा हिशेब शाळकरी मुलालाही जमला असता. तो करायचा असतो, हेच मला कोणी सांगितले नव्हते. अडलेल्या गोष्टीचे उत्तर शोधणे स्वतः शिकणाऱ्याला चांगले जमते. पण अडल्याची जाणीवच झाली नाही, तर तो शोधणार काय? ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त येते हे मी पाहिले होते, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर राउंड करून पुढे गेले होते. एक तृतीयांश जसा दशांशात पुरता मावत नाही, तसा ०.१ संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत मावत नाही, हे कळायला मला तीन वर्षे लागली. पदवीच्या वर्गात ही गोष्ट बहुधा पहिल्याच वर्षी सांगितली जाते.

याचा अर्थ पदवीधराचे काम निर्दोष असते असा मुळीच नाही. जोशुआ ब्लॉक हे कार्नेगी मेलन विद्यापीठाचे पीएचडी; जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतील (तयार कोडच्या संग्रहातील) बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत घेतलेला शोध, त्यांनीच लिहिला होता. त्यात मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिला दोनाने भागले होते. अ‍ॅरे (क्रमाने साठवलेली यादी) १०० कोटी नोंदींच्या पलीकडे गेला की ही बेरीज इंटिजरच्या (ठरावीक जागेत साठवलेल्या पूर्णांकाच्या) मर्यादेबाहेर जाऊन ऋण होऊ शकते. हा बग सुमारे नऊ वर्षे तसाच राहिला आणि २००६ मध्ये ब्लॉक यांनी स्वतःच त्यावर मोकळेपणाने लिहिले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. पुस्तकातील रीत बरोबर असूनही खऱ्या यंत्रावर ती चुकू शकते, हे प्रत्यक्ष काम करतानाच कळते.

पदवीची गरज नाही हे पटवताना लोक मोठ्या नावांचे दाखले देतात, ते मात्र मला पटत नाहीत. १९५७ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये लग्नाच्या नोंदणीवेळी डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ‘प्रोग्रामर’ हा व्यवसाय सांगितला, तेव्हा असा व्यवसायच नाही म्हणून तो नाकारला गेला आणि ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहावे लागले. त्या पिढीतल्या बहुतेकांकडे संगणकशास्त्राची पदवी नव्हती, कारण ती मिळण्याची सोयच जवळपास नव्हती. अमेरिकेतला पहिला संगणकशास्त्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये सुरू झाला. पण गणित आणि भौतिकशास्त्र त्यांच्यापैकी अनेकांनी नीट शिकलेले होते. पुढच्या पिढीतल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली लिहायला घेतली तेव्हा ते हेलसिंकी विद्यापीठातच शिकत होते.

आता मी मुलाखती घेते, तेव्हा पदवीचा रकाना सर्वांत शेवटी वाचते. उमेदवाराला त्याचाच एखादा कोड उघडायला सांगते आणि विचारते, “नोंदी शंभरपट झाल्या तर यात आधी काय कोलमडेल?” पदवी नसलेल्या एका मुलीने गेल्या खेपेला थोडा वेळ विचार करून आपल्याच कोडमधल्या लूपवर बोट ठेवले, तो भाग कसा बदलता येईल ते सांगितले, आणि डेटाबेसच्या इंडेक्सचे (नोंदी पटकन शोधून देणाऱ्या सूचीचे) आतले काम आपल्याला अजून समजलेले नाही, हेही न विचारता सांगितले. तिची निवड करताना मला दुसरा विचार करावा लागला नाही. रुजू झाल्यापासून दर शुक्रवारी दुपारी एक तास आम्ही दोघी कागदावर बी-ट्री (अशा इंडेक्सच्या आतली झाडासारखी रचना) काढत बसतो.