लोह कमी दिसलं तर जस्त तपासा

दूरच्या दीर्घिकेमागे क्वेसार (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्र) असला, की त्याच्या वर्णपटात मधल्या वायूच्या शोषणरेषा उमटतात. उदासीन (विद्युतभार नसलेला) हायड्रोजन दर चौरस सेंटिमीटरला २ × १०²⁰ अणू किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच्या लायमन-अल्फा या शोषणरेषेला रुंद पंख फुटतात. त्या पंखांवरूनच हायड्रोजन मोजायचा. आधारपातळी (शोषण नसतं तर दिसली असती ती क्वेसारच्या प्रकाशाची पातळी) चुकीची आखली की हा आकडा बिघडतो आणि पुढचं सगळंच हुकतं.

वायूतले धातू (खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड सगळी मूलद्रव्यं) मोजायला बरेच जण लोह घेतात, कारण त्याच्या रेषा भरपूर. पण लोह सहज धुळीच्या कणांत अडकतं आणि रेषा दिसते ती फक्त वायूतल्या अणूंची. जस्त धुळीत फार कमी जातं. म्हणून धातूंचं प्रमाण जस्तावरून काढावं आणि धूळ जस्त-लोहाच्या तुलनेवरून.

समजा लॉगमध्ये (दर चौरस सेंटिमीटरच्या अणुसंख्येचा दहाचा घात) हायड्रोजन २०.८०, जस्त १२.४३, लोह १४.७० आलं. जस्त-लोहातून हायड्रोजन वजा करून १२ मिळवले (सूर्याच्या मोजपट्टीवर हायड्रोजन १२ धरतात) आणि मग सूर्याचे आकडे (जस्त ४.६३, लोह ७.५०) वजा केले की जस्त −१.०, लोह −१.६. म्हणजे धातू सूर्याच्या दहाव्या हिश्शाइतके. फरक ०.६ चा, म्हणजे सुमारे ७५ टक्के लोह धुळीत. नुसत्या लोहावर विसंबलात तर धातू चौपट कमी भरतील.

जस्ताची २०२६.१४ अँगस्ट्रॉमची रेषा मॅग्नेशियमच्या २०२६.४८ ला चिकटलेली असते. तेव्हा मॅग्नेशियमच्या २८५२ च्या रेषेवरून तो वाटा ठरवून वजा करा. २०६२.६६ ची दुसरी रेषा क्रोमियमच्या २०६२.२३ मध्ये मिसळते; तिथे क्रोमियमच्या २०५६ आणि २०६६ च्या रेषा एकत्र बसवून सोडवणूक होते. लोहाची २३८२ ची रेषा बहुधा संपृक्त असते (अणू वाढले तरी ती फारशी वाढत नाही), त्यामुळे २२४९ आणि २२६० या क्षीण रेषाच घ्या. क्षीण रेषेतून प्रबळ रेषेपेक्षा जास्त अणू निघाले, तर प्रबळ रेषेत संपृक्तता लपलीय असं धरा. खूप धूळ असेल तिथे थोडं जस्तही कणांत जातं, म्हणून तिथला आकडा किमान समजावा.

जस्त-लोहाचा फरक मोठा असलेल्या वायूत रेणू जरूर शोधावेत, कारण हायड्रोजनचे रेणू धुळीच्या पृष्ठभागावर बनतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले आर. श्रीआनंद आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये २.४१८ ताम्रसृतीच्या (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे सरकण्याचं माप) अशाच वायूत कार्बन मोनॉक्साइड सापडला. त्याच्या रेषांवरून तेव्हाच्या वैश्विक पार्श्वप्रारणाचं (महास्फोटातून उरलेल्या प्रारणाचं) तापमान ९.१५ केल्विन निघालं. सिद्धान्तानुसार ते ९.३ यायला हवं.