पाळीवरची बाभूळ आणि सांडव्यातली जाळी

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या शेतातल्या नाल्यावर मातीची छोटी पाळ, म्हणजे बांध आहे, आणि तिच्यामागे तलाव. हिवाळ्यात भरीत पार्टीला जळगाव-भुसावळची मंडळी येतात, पोरं बोटीत बसतात, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "नाना, पाळीवर झाडं लावा ना, सावली होईल."

पाळीवर झाड नकोच. झाड मेलं की मुळं कुजतात, भरावात पोकळी राहते आणि पाणी तीच वाट धरतं. बाभळीचं रोप करंगळीएवढं असतानाच मी मुळासकट उपटतो. हरळी मात्र राखतो, ती माती धरून ठेवते. घुशीचं बीळ दिसलं तर नुसतं तोंड बुजवून भागत नाही. शेवटापर्यंत उकरायचं आणि ओलसर माती थराथराने ठोकून भरायची.

पण मला खरी धास्ती सांडव्याची, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून आमच्या भागात बरेच जण सांडव्याला जाळी बांधतात. इकडे केळीचा पट्टा. कापणीनंतरचे खांब, पानं सर्रास नाल्यात टाकतात. पहिल्या पुरात ते सगळं जाळीला येऊन थटतं, सांडवा तुंबतो, पाणी चढतं आणि पाळ जिथे दबलेली असेल तिथून उलटतं. एकदा वरून पाणी गेलं की मागचा उतार कापला जातो, मातीची पाळ मग टिकत नाही.

पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो. तो नितळ आहे की गढूळ, हे बघायचं. आमचा सालदार पायथ्याचं पाणी काचेच्या बाटलीत धरून उन्हात बघतो. तळाशी माती बसली, म्हणजे भराव आतून वाहून चाललाय. "नाना, पानी गढूळ यी ऱ्हायनं," असं तो म्हणाला की बोट बंद आणि विमोचक (पाणी सोडायचं दार) उघडून तलाव उतरवायचा, हे आमचं ठरलेलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, त्याआधी गळतीच्या तक्रारी झाल्या होत्या.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 10 मीटरपेक्षा कमी उंचीच्या धरणांना लागू नाही. म्हणजे आमच्यासारख्या पाळी मालकानेच तपासायच्या. नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती आहे, लहान मुलं आहेत. शेजारच्या तलाववाल्यांनो, मृगाआधी जाळ्या काढा. मजूर कमी पडत असतील तर मला सांगा, आमची माणसं पाठवतो.