गोळीआधी रक्त

दात घासताना गालात करंट बसल्यासारखी कळ आली. मग चहाचा घोट घेताना. मग इथे सिंगापुरात एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, एसीचा वारा नुसता गालाला लागला तरी. इथल्या सरकारी रुग्णालयातल्या न्यूरॉलॉजिस्टने ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, असं निदान केलं, कार्बामाझेपिनचं नाव घेतलं, आणि ती गोळी दिलीच नाही. आधी रक्त तपासायचं. रिपोर्टला आठ दिवस.

आठ दिवस! तोवर दिलेल्या दुसऱ्या गोळीने कळ काही थांबेना, गुंगी मात्र यायची. मिरजेत माझ्या मावशीने हेच कार्बामाझेपिन दहा वर्षं खाल्लं, कुणी तिचं थेंबभर रक्त काढलं नाही. आई फोनवर म्हणाली, "पैसे उकळतात गं." मीही "हो ना" म्हटलं. एका गालाने मऊ भात गिळणाऱ्या बाईकडून याहून समंजसपणाची अपेक्षा नको.

तपासायचं होतं एचएलए-बी*१५०२ हे जनुक. ते ज्यांच्यात असतं त्यांना या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होण्याचा धोका फार. कातडी भाजल्यासारखी सोलवटते, तोंड-डोळेही सुटत नाहीत, जीवही जाऊ शकतो. गोऱ्यांच्या देशांत औषध नव्याने घेणाऱ्या दहा हजारांत १ ते ६ जणांना होतो, आशियातल्या काही देशांत त्याच्या सुमारे दहापट. २००४ साली तैवानमध्ये असे ४४ रुग्ण तपासले, तर ४४ जणांत हेच जनुक निघालं. सिंगापूरने २०१३पासून आशियाई वंशाच्या रुग्णांना पहिली गोळी देण्याआधी ही तपासणी नेहमीची केली. त्यात आपणही आलो.

पण मला खरा वैताग आला तो एका प्रश्नाचा. "एनी ड्रग ॲलर्जी?" नर्स विचारते. डॉक्टर विचारतात. रक्त काढणारा मुलगा विचारतो. फार्मसीच्या खिडकीतली बाई विचारते. अरे, समोर स्क्रीनवर लिहिलंय ना! शेवटी त्या बाईलाच मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं. ती शांतपणे म्हणाली, लिहिलेलं चुकीचंही असतं. पोट बिघडलं तरी लोक ॲलर्जी म्हणून सांगतात.

तिनेच सांगितलं की इथे सरकारी डॉक्टरने रिॲक्शनची नोंद केली की ती बाकीच्या सरकारी रुग्णालयांत दिसते, आणि औषध-नियामकाकडेही पोचते. एका डॉक्टरच्या उभ्या आयुष्यात अशा गंभीर रिॲक्शनचा रुग्ण एखाददुसरा. तो हळहळणार आणि पुढच्या पेशंटला आत बोलावणार. लाखो नोंदी एकत्र चाळल्या तरच दिसतं, की अमुक औषध सुरू झालं, दोन-तीन आठवड्यांत पुरळ, मग ताप, मग भरती, औषध बंद. आणि तेच दुसऱ्या रुग्णालयात, तिसऱ्यात.

फार कौतुक नको. याच सिंगापुरात २०१८ मध्ये १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, खुद्द पंतप्रधानांचीसुद्धा. आपल्या कापडी पिशवीतल्या फायली कुणी हॅक केल्याचं ऐकिवात नाही. आणि आपल्याकडेही कुणी झोपलेलं नाही. २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गाझियाबादेत त्याचं केंद्र आहे. पाळीत आपण चण्याफुटाण्यासारख्या खातो त्या गोळ्यांतल्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या नोव्हेंबरात इशारा तिथूनच आला, की ड्रेस नावाची गंभीर रिॲक्शन होऊ शकते. फक्त आपल्याकडे बहुतेक वेळा कुणीतरी आठवणीने फॉर्म भरावा लागतो.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे आठ दिवस फुकट गेले, असं अजूनही एक मन म्हणतं. गोळी घ्यायला खिडकीशी गेले तर तोच प्रश्न. या वेळी गुमान उत्तर दिलं.

घरी येऊन आईला विचारलं, "तुला कुठल्या औषधाचं वावडं आहे गं?"

"एक लाल गोळी होती. अंगभर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरकाकांना ठाऊक आहे."

डॉक्टरकाका जाऊन दोन वर्षं झाली. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, फाईल माळ्यावर असेल, बघते.

"स्टुलावर चढू नकोस," म्हटलं, "दादा येऊ दे."