कपाटातली थ्रॉटल बॉडी: आमच्या गॅरेजची वाटचाल

आमच्या गॅरेजच्या लोखंडी कपाटात वरच्या फळीवर एक थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, खोक्यात ठेवलेली आहे. पोर्शे बॉक्सस्टरची, ९८६ मॉडेलची. एकदाच बसवली, चाळीस किलोमीटर चालली आणि परत काढली. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला मी आधी ती दाखवतो, कारण आमच्या धंद्याने वळण घेतलं ते तिच्यामुळे.

आबांनी कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज काढलं ते फियाट, ॲम्बॅसेडर आणि जीप यांच्या जोरावर. शेजारी लेथवाले, पलीकडच्या गल्लीत फाउंड्री. पार्ट मिळाला नाही तर तो करून घ्यायचा, अशीच पद्धत होती. आबा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि कुठलं टॅपेट वाजतंय ते सांगायचे. मी आयटीआय करून आलो तेव्हा कार्ब्युरेटरचे दिवस सरत आले होते. मारुती, ह्युंदाई इंजेक्शनवर आल्या आणि आम्ही पहिला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घेतला. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडं बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड ओळखून कोडमध्ये नोंदवायची पद्धत, लागू झालं, त्यानंतर तर स्कॅनरशिवाय शटर उघडण्यात अर्थ उरला नाही.

स्पोर्ट्‌स कार आमच्याकडं आल्या त्या हायवेमुळे. मुंबई-पुण्याची मंडळी गोव्याला जाताना कोल्हापूर ओलांडतात. कुणी निपाणीवरून आंबोली धरतं, कुणी बेळगाववरून चोर्ला घाट. शनिवार-रविवारी एखादी गाडी बंद पडली की टोइंगवाला ती आमच्याकडं आणून सोडायचा. शहरातही चार-पाच गाड्या होत्या. त्यातली एक डॉक्टरसाहेबांची बॉक्सस्टर. २००३ सालची, २.७ लिटरची, इंग्लंडहून परत येताना त्यांनी सोबत आणलेली.

२०१४ च्या फेब्रुवारीत ती गाडी मिसिंगची (सिलेंडरात मधेच पेट चुकतो ती) तक्रार घेऊन आली. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, चेक इंजिनची लाईट लागलेली. आमचा स्कॅनर तिच्याशी बोलेना, म्हणून मी साडेसातशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल लावलं आणि मोबाईलवर ॲप उघडलं. कोड आला पी११२८. ॲपनं त्याचा अर्थ लिहिला होता, थ्रॉटल मोटर अडकली आहे. लक्षण जुळत होतं. मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल. ती परदेशातून यायला सहा आठवडे लागले. बसवली, लाईट विझवली, गाडी दिली. निपाणीच्या आत लाईट परत लागली.

संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा आबा गॅरेजातच होते. बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या मागं दडलेलं असतं, बॉनेट उघडून बघायची सोय नाही. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरायची झाकणं तेवढी दिसतात. आबांनी गाडी चालू ठेवायला सांगितली आणि ऑइलचं झाकण फिरवलं. ते निघेचना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. जोर लावून ओढलं तेव्हा फुस्स आवाज झाला आणि इंजिन बंद पडायला आलं. आबा म्हणाले, "आरं, ही आतनं हवा ओढायली बघ. थ्रॉटल कशाला बदललास?"

बिघाड एअर-ऑइल सेपरेटरचा होता. क्रॅंककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या पोटातली, वाफ आणि तेल वेगळं करणारा हा भाग. त्यातला पातळ पडदा फाटला की इनटेकची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीची, ओढ थेट क्रॅंककेसला लागते आणि मोजमाप न झालेली हवा इंजिनात शिरते. हवा जास्त, पेट्रोल कमी. पोर्शेच्या भाषेत पी११२८ चा अर्थ नेमका तोच: पहिल्या बँकेला, म्हणजे एका बाजूच्या तीन सिलेंडरना, पेट्रोल वाढवून वाढवून गाडीचा कंप्युटर आपल्या हद्दीला पोचला. सोबत पी११३० पण होता, म्हणजे दुसऱ्या बँकेचीही तीच रड. दोन्ही बाजूंना एकच तक्रार असेल तर कारण दोघींच्या सामाईक वाटेवर असणार. तो दुसरा कोड मी वाचून सोडून दिला होता.

पी० ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना सारखे असतात. पी३०० हाक मारायची सवय असली तरी तो खरा पी०३००, मिसफायरचा, आणि तो कुठल्याही गाडीत मिसफायरचाच. पण पी१ ने सुरू होणारे कोड ज्या त्या कंपनीचे. पी११२८ टोयोटाच्या गाड्यांत खरोखरच थ्रॉटल मोटर अडकल्याचा कोड आहे. ॲपनं टोयोटाचा अर्थ पोर्शेला लावला आणि मी तो मानला. थ्रॉटल बॉडीचे पैसे मी डॉक्टरसाहेबांकडून घेतले नाहीत, सेपरेटरची मजुरीही घेतली नाही. त्या वर्षी गॅरेजला तो मार मोठा होता, पण चूक आमची होती.

त्यानंतर स्कॅनर घ्यायचा तर कुठला, यावर मी तीन महिने घातले. विक्रेते यायचे, टॅबलेट दाखवायचे. खोक्यावर ऐंशी-नव्वद कंपन्यांची चिन्हं. मी प्रत्येकाला सांगायचो, यादी राहू दे, डॉक्टरसाहेबांच्या गाडीला लावून दाखवा. डॉक्टरसाहेबांनी त्यासाठी चार रविवार गाडी दिली, हे त्यांचे उपकार.

वहीत मी पानभर प्रश्न लिहून ठेवले होते. इंजिनशिवाय एअरबॅगशी बोलतं का? एबीएसशी? अलार्म आणि इमोबिलायझरशी (खरी किल्ली नसेल तर गाडी चालू होऊ न देणारा भाग)? छताच्या मोटरशी? कोड वाचणं वेगळं आणि आत्ता या क्षणी काय चाललंय ते आकडे दाखवणं वेगळं. ते दाखवतं का? रेडिएटरचा पंखा, फ्यूएल पंप लॅपटॉपवरून चालू करून बघता येतो का? बहुतेक टॅबलेट इंजिन आणि एबीएसपर्यंत गेले. एकाने एअरबॅगची लाईट विझवली. सेपरेटरसारखा बिघाड पकडायला जे आकडे लागतात ते कुणीच दिले नाहीत.

ते आकडे दोन. पोर्शेवाले त्यांना आरकॅट आणि एफआरए म्हणतात. आरकॅट म्हणजे गाडी उभी असताना, आयडलला, कंप्युटर पेट्रोलमध्ये किती भर घालतोय ते, आदर्श शून्य. एफआरए म्हणजे लोडवर त्याला पेट्रोल कितीपट करावं लागतंय ते, आदर्श एक. चोरून हवा शिरत असेल तर आयडलला आरकॅट चढतो, कारण तेव्हा इंजिन मुळात हवा थोडी घेतं आणि त्यात चोरीचा वाटा मोठा होतो. हवा मोजणारा सेन्सर किंवा पेट्रोलचं प्रेशर बिघडलं असेल तर एफआरए हलतो. हे दोन आकडे त्या फेब्रुवारीत माझ्यासमोर असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

कंपनीचं स्वतःचं यंत्र, पीविस, आमच्या ऐपतीबाहेर होतं. त्याचं चोरीचं सॉफ्टवेअर भरलेले लॅपटॉप स्वस्तात मिळायचे, माझ्याही दारात आले. मी नाही म्हटलं. कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमध्ये, अर्धवट काही लिहून ते मेलं तर गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी अमेरिकेतल्या ड्युरामेट्रिकची केबल आणि सॉफ्टवेअर घेतलं. पोर्शेशिवाय दुसऱ्या कुठल्याच गाडीला ते चालत नाही. धाकटा भाऊ रागावला, एवढे पैसे एका कंपनीच्या गाड्यांसाठी? पुढं ऑडी टीटी येऊ लागल्या तेव्हा तिच्यासाठी रॉस-टेकचं व्हीसीडीएस घेतलं आणि तेव्हा तोही बोलला नाही. एकाच खोक्यात सगळं शोधण्यापेक्षा ज्या गाडीचं काम आपण अंगावर घेतो तिची भाषा पुरती येणारं यंत्र घ्यावं, असं माझं मत आजही आहे. नवी किल्ली जोडणं, नवं कंट्रोल युनिट कोड करणं ही कामं ड्युरामेट्रिकनं होत नाहीत. ती आम्ही अधिकृत वर्कशॉपला पाठवतो आणि गिऱ्हाइकाला आधीच तसं सांगतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आलं आणि शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद राहिला. मुंबईची एक बॉक्सस्टर हॉटेलच्या आवारात उघड्यावर अडकली. पुराचं पाणी तिथं पोचलं नव्हतं, पण पाऊस थांबत नव्हता. रस्ता सुटल्यावर गाडी चालूच होईना. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि बॅटरी मेल्यावर डिकीचं विजेवरचं लॉकही उघडेना. फ्यूज बॉक्समधून बारा व्होल्ट देऊन ते उघडावं लागलं. बॅटरी बदलली, लॅपटॉप लावला. इंजिन बोललं, एबीएस बोललं, अलार्म युनिट गप्प.

नवीन पोरगा म्हणाला, स्कॅनर बिघडलाय. मी म्हटलं, तो आपलं काम करतोय, सीट काढ. कार्पेट दाबलं तर बोटांच्या फटीतून पाणी वर आलं. ९८६ मध्ये अलार्म आणि इमोबिलायझरचं युनिट सीटखाली जमिनीलगत असतं. छताच्या मागच्या कोपऱ्यात पाणी वाहून जायची भोकं असतात, ती पाल्यानं बुजली की पाणी आत उतरतं. युनिट उघडलं, हिरवट गंज नुकता धरायला लागला होता. साफ केलं, दोन दिवस उबेत वाळवलं, लावलं. गाडीनं पहिल्या सेल्फला आवाज दिला आणि सगळं गॅरेज टाळ्या वाजवत होतं.

आता आमचं निम्मं काम जुनी गाडी घेण्याआधीच्या तपासणीचं आहे. बेळगाव, सांगली, पुण्याहून फोन येतात. पोर्शेचा कंप्युटर इंजिन हद्दीबाहेर फिरलं की प्रत्येक ठिणगी मोजून ठेवतो. ९८६ मध्ये या हद्दीबाहेरच्या वेगाच्या दोन पायऱ्या, पोर्शे ९११ च्या ९९७ मॉडेलमध्ये सहा. सहा सिलेंडरचं इंजिन एका फेऱ्यात तीन ठिणग्या टाकतं, म्हणजे ७,२०० आरपीएमला (मिनिटाला ७,२०० फेरे) सेकंदाला ३६०. पहिल्या पायरीत हजारभर ठिणग्या दिसल्या तर कुणीतरी तीनेक सेकंद लिमिटरवर, म्हणजे इंजिनाचा वेग अडवणाऱ्या मर्यादेवर, पाय ठेवला, एवढंच. वरच्या पायऱ्यांत मात्र नुसत्या ॲक्सिलरेटरनं पोचता येत नाही, कारण लिमिटर आडवा येतो. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला की चाकंच इंजिनाला तिथवर फिरवतात. ते इंजिनाच्या कितव्या तासाला झालं हेही नोंदलेलं असतं, आणि एकूण तासांशी ताडून बघितलं की मागच्या महिन्यातलं की दहा वर्षांपूर्वीचं ते कळतं. दोन सौदे मी यावरून मोडलेत. विकणारे नाराज झाले, पण आकडे त्यांच्यासमोरच काढले होते.

डॉक्टरसाहेबांची गाडी दर मे महिन्यात पावसाआधी येते. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घेऊन आमची पोरगी छताची भोकं साफ करते, लॅपटॉपही आता तीच लावते. आबांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत या गाडीचं एक पान आहे, त्यात २०१४ पासून दरवर्षीचा आरकॅट आणि एफआरए लिहिलेला आहे. यंदा आरकॅट थोडा चढलाय, दोन्ही बँकांना सारखाच. पोरगीनं मला न विचारता गाडी चालू ठेवली आणि ऑइलच्या झाकणाला हात घातला.